मदत हवी आहे: गावातलं दारूचं दुकान बंद करायचंय, ठराव परत आला

ओलीवाट: दुकान शाळेच्या वाटेवरच आहे. संध्याकाळी मुली त्या रस्त्याने येत नाहीत. ग्रामसभेचा ठराव पाठवला, तो परत आला. पुढे काय करायचं? लवकर सांगा, बायका चिडल्यात.

चावडी: परवान्याचं दुकान की चोरटं? दोन्हीचे रस्ते वेगळे. महिला मतदार किती?

पाणकळा: ग्रामरक्षक दल, म्हणजे अवैध दारूवर नजर ठेवणारं गावकऱ्यांचं पथक, स्थापन करा. 2016 च्या दुरुस्तीपासून दारूबंदी कायद्यातच तरतूद आहे.

चावडी: दल अवैध दारूसाठी. परवानेवाल्याचं ते काय करणार?

मैलदगड: हायवेपासून अंतर मोजा. 500 मीटरच्या आत असेल तर सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला 220 मीटर.

चावडी: 2018 मध्ये कोर्टाने ग्रामपंचायत हद्दीचा निर्णय राज्यांवर सोडला. त्यावर विसंबू नका.

ओलीवाट: परवान्याचंच, देशीचं. महिला मतदार 1240. सह्या 310 झाल्यात.

चावडी: मग राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाखाली बाटलीचं मतदान मागा: आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. महिला मतदारांच्या 25 टक्के सह्या, म्हणजे बरोब्बर 310. पण काठावर थांबू नका. पडताळणीत सही जुळली नाही, नाव दोनदा आलं, कुणी दबावाने नाकारलं की अर्ज पडतो. 400 करा, प्रत्येक सहीपुढे मतदार यादीतला अनुक्रमांक लिहा.

खरी गोम पुढे आहे. आडवी बाटली जिंकायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या नव्हे. तुम्हाला 621 हवीत. घरी बसलेली बाई उभ्या बाटलीच्याच कामी येते, आणि यादीतली मयत बाईसुद्धा. म्हणून आधी बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, मयतांची नावं काढायला नमुना 7 भरा. ज्या सुनांची नावं अजून माहेरच्या यादीत आहेत, ती इकडे आणायला नमुना 8. हे काम अर्जाच्या आधी. ऊसतोडीला टोळ्या गेल्या असतील तर मतदानाची तारीख येऊन उपयोग नाही.

निरामय: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत थरथर, भास, झटके येऊ शकतात, जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

ओलीवाट: विचारलं दुकानाचं होतं, पण हे बैठकीत सांगते.

पाणकळा: दुकान बंद झालं की महिन्यात हातभट्टी लागते. दल आधीच हवं, मी तेच म्हणतोय.

चावडी: ते मान्य. निकालाच्या आधी दल उभं करा, नंतर नको.

ओलीवाट: अंगठेवाल्या बायका बऱ्याच आहेत. त्यांचं काय?

चावडी: अंगठ्याशेजारी पूर्ण नाव, अनुक्रमांक आणि ओळखणाऱ्या बाईची सही. पडताळणीच्या दिवशी त्या गावात असतील हे बघा.