जपानहून घरी आणण्याजोग्या वस्तू : सल्ला हवा आहे

प्रश्न : पार्लेकर

येत्या नोव्हेंबरमध्ये मी आणि माझे यजमान तोक्यो, कानाझावा आणि क्योतो असा प्रवास करणार आहोत. परदेशातून आले की चॉकलेटे आणि फ्रिजवरची मॅग्नेट वाटायची, ही आपल्याकडची रीत मला मनापासून पटत नाही. मॅग्नेटवर नाव त्या शहराचे असते, पण ते बहुधा तिसऱ्याच देशातल्या कारखान्यातून आलेले असते. मला मोजक्याच, पण खरोखर तिथे बनलेल्या आणि घरात रोज हाताळल्या जातील अशा वस्तू आणायच्या आहेत. आमचे घर विलेपार्ल्यातले, दोन खोल्यांचे आहे. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यांनाही बुरशी धरते, त्यामुळे काय टिकेल याची काळजी वाटते. शिवाय सासूबाई कडक शाकाहारी आहेत, तेव्हा खाऊ कोणता आणावा हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : गिरगाववासी

नातेवाइकांसाठी तेनुगुई आणावेत, असे मी आग्रहाने सुचवेन. हे साधारण ३५ बाय ९० सेंटिमीटरचे पातळ सुती कापड असते, म्हणजे आपल्या पंचाचा धाकटा भाऊच. जपानमध्ये ते हात पुसायला, डोक्याला बांधायला, डबा गुंडाळायला असे सर्रास वापरतात. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. कापड उलटून पाहावे : चुसेन पद्धतीने रंगवलेल्या तेनुगुईत रंग घड्यांच्या थरांतून आरपार ओतलेला असतो, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते आणि दोन रंग जिथे मिळतात तिथे किंचित पाझरलेली कड दिसते, छापील कापडाची मागची बाजू फिकट असते. दुसरे म्हणजे आखूड बाजूंच्या कडा मुद्दाम न शिवलेल्या असतात. पहिल्या काही धुण्यांत दोरे सुटतात, ते कात्रीने कापावेत, पुढे ते आपोआप थांबतात. शिवण नसल्यामुळे कापड लवकर वाळते, आणि जुलैमध्ये दोरीवर कपडे दोन-दोन दिवस ओले राहणाऱ्या आपल्या शहरात या गुणाची किंमत निराळी सांगायला नको. बॅगेत ते जागा जवळजवळ घेतच नाहीत. उलट चिनी मातीचे वाडगे त्यांतच गुंडाळून आणता येतात.

स्वयंपाकघरासाठी सुरी घेणार असाल तर तोक्योत काप्पाबाशी नावाचा रस्ताच भांड्याकुंड्यांच्या दुकानांचा आहे. कार्बन पोलादाची सुरी धारेला उत्तम असते, पण मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत ती वापरून लगेच कोरडी केली नाही तर गंजते. म्हणून न गंजणाऱ्या पोलादाची मागावी. सुरी चेक-इन बॅगेतच ठेवावी लागते.

प्रतिसाद २ : दादरचा वाचक

कानाझावाला जात आहात, तर माझे मत स्पष्ट आहे : स्वतःच्या घरासाठी एकच वस्तू घ्या आणि ती वाजिमाचा लाखी वाडगा असू द्या. वाजिमा हे इशिकावा प्रांतातलेच गाव असल्याने तिथला माल कानाझावाच्या दुकानांत मिळतो. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत त्या गावाची फार मोठी हानी झाली. अनेक कारागिरांच्या कार्यशाळा गेल्या, आणि त्यांच्या मालाला गिऱ्हाईक मिळणे ही आज त्यांची खरी गरज आहे.

हवेची भीती या वस्तूच्या बाबतीत बाळगू नये. आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख किड्यांपासून मिळते, तर जपानी उरुशी हा झाडाचा चीक असतो आणि तो दमट हवेतच घट्ट होतो. अशा भांड्यांना खरा धोका अतिकोरड्या हवेचा आणि थेट उन्हाचा. मायक्रोवेव्हमध्ये मात्र ती कधीही ठेवू नयेत, घासणीने घासू नयेत आणि धुतल्यावर मऊ कापडाने पुसावीत.

हुबेहूब दिसणारे प्लास्टिकचे वाडगे स्वस्तात मिळतात. जपानी कायद्यानुसार अशा भांड्यांच्या चिठ्ठीवर आतला पदार्थ लाकूड आहे की प्लास्टिक आणि वरचा लेप उरुशीचा आहे की कृत्रिम, हे लिहावे लागते. मोबाईलवर भाषांतर करून ती चिठ्ठी जरूर वाचावी. निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या जपानी वस्तू निवांतपणे पाहून या. उत्तम काम पाहून डोळा तयार झालेला असला की दुकानात निवड करणे सोपे जाते.

पार्लेकर

दोघांचे मनःपूर्वक आभार. वाडग्याचे नक्की केले. क्योतोच्या तोजी देवळाजवळ दर महिन्याच्या २१ तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, त्या दिवशी आम्ही तिथेच असू. तिथे काय घ्यावे आणि काय टाळावे? खाऊचा प्रश्नही राहिलाच आहे.

प्रतिसाद ३ : मुलुंडचे आजोबा

त्या बाजारात जुने किमोनो आणि त्यांवर कमरेला बांधायचे ओबी पट्टे छान मिळतात. रेशीम असेल तर आपल्या पैठणीसारखेच सुती कापडात गुंडाळून ठेवावे आणि पावसाळ्यानंतर सावलीत वारा द्यावा. नेत्सुके नावाची छोटी कोरीव शिल्पे आणि जुने शिक्के यांपासून मात्र कटाक्षाने दूर राहा, कारण त्यांतले पुष्कळ हस्तिदंती असतात. जपानच्या आत हस्तिदंताची विक्री चालते, पण तो देशाबाहेर नेणे आणि भारतात आणणे कायद्याने गुन्हा आहे. विक्रेता हाड म्हणाला तरी तो धोका पत्करू नये. कासवाच्या पाठीचे कंगवेही त्याच कारणासाठी नकोत. बिया, कंद आणि रोपांना आपल्याकडे परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणून तीही टाळावीत.

खाऊमध्ये सासूबाईंसाठी क्योतोची भाजलेली यात्सुहाशी पाहावी; ती तांदळाचे पीठ, साखर आणि दालचिनीची कडक वडी असते आणि बरेच दिवस टिकते. कच्ची, मऊ यात्सुहाशी थोड्याच दिवसांत खराब होते, ती तिथेच खावी. तांदळाच्या खारट पापड्यांत माशाचा अर्क असू शकतो आणि जेलीच्या मिठाईत जिलेटिन, त्यामुळे प्रत्येक डब्यावरचे घटक वाचूनच घ्यावेत.

खरेदीवरच्या कराची पद्धतही ध्यानात ठेवा. २०२६ च्या १ नोव्हेंबरपासून दुकानात कर भरायचा आणि जपान सोडताना कस्टम्सने माल पाहिल्यावर तो परत मिळायचा, असा नियम लागू होत आहे. तेव्हा पावत्या एकत्र ठेवाव्यात, आणि सुरीसारखी वस्तू बॅगेत घालून ती बॅग काउंटरवर देण्याआधी तपासणी कुठे होते हे विमानतळावर विचारून घ्यावे.