मदत हवी आहे : जाळ्यातील गटांची संख्या कशी ठरवावी?
सुमारे १,२०० व्यक्तींच्या परस्परसंपर्काच्या, दिशा आणि भार नसलेल्या (म्हणजे संपर्क कोणाकडून झाला व किती झाला हे न नोंदवणाऱ्या) जाळ्यात गट शोधण्यासाठी मी स्टोकॅस्टिक ब्लॉक मॉडेल (दोघांत संपर्क असण्याची शक्यता त्यांच्या गटांवरून ठरते असे मानणारे सांख्यिकी मॉडेल) वापरत आहे. साध्या मॉडेलने खरे गट न दाखवता जास्त संपर्क असलेले आणि कमी संपर्क असलेले अशीच विभागणी केली, म्हणून कॅरर आणि न्यूमन यांनी २०११ मध्ये मांडलेले, प्रत्येकाची संपर्कसंख्या विचारात घेणारे मॉडेल घेतले. विभागणी आता पटण्याजोगी आहे. मात्र बीआयसी या निकषानुसार (मॉडेल माहितीशी किती जुळते आणि किती गुंतागुंतीचे आहे यांचा तोल पाहणारा) गट ९ येतात, तर किमान वर्णनलांबीच्या निकषानुसार (मॉडेल आणि माहिती मिळून सर्वांत थोडक्यात मांडता येईल अशी विभागणी निवडणारा) ५, आणि वेगवेगळ्या प्रारंभबिंदूंपासून अनेकदा चालवूनही हा फरक टिकतो. मॉड्युलॅरिटीचा (गटांच्या आत संपर्क योगायोगाने अपेक्षित असतील त्यापेक्षा किती जास्त आहेत या मापाचा) पर्याय कृपया सुचवू नये, कारण तिथे लहान गट मोठ्यांत विरघळतात. खरी गटओळख उपलब्ध नसताना, काही दुवे (दोन व्यक्तींमधील संपर्क) मॉडेलपासून लपवून त्यांचे भाकीत तपासणे हा निवडीचा विश्वासार्ह मार्ग ठरेल का, आणि ठरत असल्यास किती टक्के दुवे लपवावेत?