प्रतिसाद: फारसी रुग्णाची अ‍ॅफेझिया तपासणी

फारसी बोलणाऱ्या रुग्णाची अ‍ॅफेझिया (मेंदूला इजा होऊन भाषा बिघडणं) कशी तपासायची, या प्रश्नावर इंग्रजी चाचणीच दुभाष्याकडून फारसीत वदवून घ्यायची सूचना वर आलीये. तसं नको, वेस्टर्न अ‍ॅफेझिया बॅटरी या प्रमाणित चाचणीची फारसी आवृत्ती आहे. नातेवाईक तर दुभाषी नकोतच, ते नकळत रुग्णाची वाक्यं दुरुस्त करून सांगतात. बोलणं रेकॉर्ड करा. तेहरानकडचा माणूस ‘नान’ला ‘नून’ म्हणतो, ती चूक धरू नका.

खरी मेख वाचनात. ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे तोच लिहिलेला शब्द कुणी ‘गोल’ (फूल) वाचेल, कुणी ‘गेल’ (चिखल), दोन्ही बरोबर. ‘केताब-ए बोझोर्ग’ (मोठं पुस्तक) मधला नाम आणि विशेषण जोडणारा ‘ए’ही बहुधा अलिखितच. वाचताना तो गळला, तर पुनरुच्चारात (ऐकलेलं तसंच म्हणताना) आणि गप्पांतही गळतो का पाहा. तिथे टिकत असेल तर अडचण बहुधा वाचनाची, व्याकरणाची नव्हे.