फ्लॅटमध्ये मटणाच्या चापांना धुराचा वास कसा आणायचा?

प्रश्न: कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून बोकडाचे चाप आणलेत. कोथरूडला फ्लॅट, गॅलरीत शेगडी पेटवायला सोसायटीची मनाई. पण धुराचा वास हवाच आहे. काय करू?

उत्तर: चाप आधी पूर्ण शिजवा, धुरी शेवटी. लाकडी कोळसा गॅसवर लालभडक करून स्टीलच्या वाटीत ठेवा, वाटी पातेल्यात चापांच्या मधोमध. वर चमचाभर साजूक तूप, दोन लवंगा, लगेच घट्ट झाकण. पाच मिनिटं पुरे, जास्त ठेवलंत तर कडवटपणा उतरतो. आणि खिडकी उघडी हवीच, जळत्या कोळशाचा वायू घातक असतो!

दुसरं उत्तर: आम्ही करवंटीचा निखारा वापरतो, झकास होतं.

प्रश्नकर्ती: करवंटी घरातच आहे! झाकणाला कणीक लावू?

उत्तर: जरूर लावा, धूर कडेने सुटत नाही.