जपानी पॉपमधला बँड आता नावापुरताच उरलाय का?

सहातारी
२००० च्या दशकात जपानी बँड म्हणजे दोन गिटार, बेस, ड्रम्स. बम्प ऑफ चिकन घ्या, एशियन कुंग-फू जनरेशन घ्या. आता योआसोबी: दोघंच. अयासे संगणकावर रचतो, इकुरा गाते. मिसेस ग्रीन ॲपल २०२२ मध्ये परतले ते पाचाचे तीन होऊन, आणि गेले कोण, तर नेमके बेसवाला आणि ड्रमवाली! तरी लोकप्रियता वाढलीच. म्हणजे बँड उरलाय तो पाटीवर.

ठोका१६
अर्धंच पटलं. २०१० नंतर माणसांच्या बँडांनी तरी काय दिवे लावले? काना-बून आणि मंडळी: दर मात्रेला किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), मधल्या अर्ध्या मात्रेवर उघडा हाय-हॅट (झांजांची जोडी), लय मिनिटाला १७० मात्रांच्या आसपास. मैदानात उड्या मारायला झकास, पण लागोपाठ चार बँड ऐकले की ड्रम्सची अदलाबदल केली तरी कळू नये. लॅपटॉपवाल्यांनी निदान कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तरी बदलल्या.

सहातारी
कसल्या बदलल्या? जिकडेतिकडे कॉर्डची तीच ठरलेली माळ, ‘मारुसा’.

कोमलधैवत
‘मारुसा’ला नावं ठेवण्याआधी नीट वाजवून बघा. नाव पडलं गायिका शिइना रिंगोच्या १९९९ च्या ‘मारुनोउची सॅडिस्टिक’वरून, योआसोबीच्या २०१९ च्या ‘योरु नी काकेरू’तही हीच चाल. सी पट्टीत: एफ मेजर सेव्हन, ई सेव्हन, ए मायनर सेव्हन, मग अर्धा-अर्धा बार (बार म्हणजे इथे चार मात्रा) जी मायनर सेव्हन आणि सी सेव्हन. सी ला सा धरा. ई सेव्हनमध्ये कोमल ध आहे, तो शुद्ध धकडे ओढतो. सी सेव्हनमधला कोमल नी परत एफकडे नेतो. बरेच जण सवयीने ई मायनर धरतात. कोमल धचा प होतो आणि सगळी ओढच जाते.

आणि हे डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज खरखरीत करणारा परिणाम) चढवून सहाही तारांवर झोडायचं नाही. एफ मेजर सेव्हनमधले ई आणि एफ हे सूर घासून नुसता चिखल होतो. गेन (खरखर वाढवणारं बटण) उतरवा, उंच सुरांच्या चार तारा पुरे. गिटार पातळ झाली ती आळसाने नाही, कॉर्डमुळे.

सहातारी
कॉर्डचं मान्य. पण गाण्यांच्या लयीची ही धावपळ? स्ट्रीमिंगमुळे कुणाला धीरच नाही.

ठोका१६
सगळं खापर स्ट्रीमिंगवर नको. ॲनिमेचं सुरुवातीचं गाणं दीड मिनिटात बसवावं लागतं. इंट्रो ८ बार, ए-मेलो (कडवं) १६, बी-मेलो (साबीकडे नेणारा भाग) ८, साबी १६ (साबी म्हणजे आपलं ध्रुवपद, फक्त इथे उशिरा येतं). झाले ४८ बार, १९२ मात्रा. १२० च्या लयीला ९६ सेकंद, म्हणजे साबीची शेपूट कापा. १७० ला ६८ सेकंदांत आटपतं, वर शेवटाला जागा. हे गणित स्ट्रीमिंगच्या आधीपासूनचं आहे.

कोमलधैवत
शिवाय योआसोबी मंचावर ड्रम्स-बेसची माणसं घेऊनच उतरतात.

सहातारी
उतरतात, पण आधी भरलेल्या ट्रॅकच्या तालावर. ड्रमरच्या कानात क्लिक (मात्रा मोजणारी टकटक). १३० च्या लयीत मात्रेचा चौथा भाग जेमतेम ०.११५ सेकंदाचा, तेवढा घसरला की ट्रॅक थांबत नाही, ड्रमरलाच धावत गाठावं लागतं. गायिकेने एखादी ओळ जरा लांबवली तर साथ द्यायची सोय नाही. माझी तक्रार तिथे आहे, माणसं किती यावर नाही.

ठोका१६
मग धाग्याचं नाव बदला.