रोस्सोची क्लिओपात्रा आणि व्हॅटिकनमधली मूर्ती
एक मत असं आहे की सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार रोस्सो फिओरेंतीनो याच्या चित्रातली मरणारी क्लिओपात्रा निवांत झोपल्यासारखी दिसते, म्हणजे त्याला मृत्यू रंगवायचाच नव्हता, फक्त देह दाखवायचा होता. देहाचं आकर्षण त्या चित्रात आहे, ते मान्य. पण झोपेची ती ढब त्याच्या मनची नाही. पोप ज्युलियस दुसरा याने 1512 साली एक प्राचीन संगमरवरी मूर्ती विकत घेतली आणि व्हॅटिकनच्या बेल्व्हेडेरे अंगणात कारंज्यावर बसवली. रेललेली स्त्री, एक हात डोक्यावरून घेतलेला, दंडावर सापाच्या आकाराचं कडं. क्लिओपात्रा सर्पदंशाने मेली अशी कथा असल्याने त्या कड्यामुळेच सगळ्यांनी तिला क्लिओपात्रा ठरवलं. त्या काळच्या कास्तिल्योने या इटालियन लेखकाने तर तिच्या तोंडी एक लॅटिन कविताही लिहिली. रोस्सो 1524 ते 1527 रोममध्ये होता आणि चित्र त्याच काळातलं मानतात. त्याच्यासाठी आणि त्याच्या गिऱ्हाइकांसाठी राणीचं रूप हेच होतं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस विस्कोंती या इटालियन पुरातत्त्वज्ञाने ती मूर्ती ग्रीक पुराणकथेतल्या आरिआद्नीची असल्याचं दाखवलं: प्रियकर थेसिअस सोडून गेला तेव्हा झोपलेली. म्हणजे रोस्सोने खरोखरच एका झोपलेल्या बाईवरून मरणारी राणी घडवली, नकळत. मला तरी यामुळे चित्र जास्त भिडतं. दगडातली शांत ढब तशीच ठेवून त्याने भोवती काळोख आणि शोक करणारी दासी आणली, आणि मृत्यू तिथून आत शिरतो. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या हेर्त्सोग आंतोन उलरिष संग्रहालयातलं हे चित्र बघताना व्हॅटिकनच्या मूर्तीचा फोटो शेजारी उघडून ठेवा.