ठाणे-नवी मुंबईत लाइव्ह म्युझिक ऐकायला कुठे जाता?

कासारवडवली_स्लो

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मला लाइव्ह म्युझिकचं वेड आहे. स्वतःला काही येत नाही, पेटीवर सा सुद्धा सापडत नाही, पण समोर कोणीतरी वाजवतंय आणि आपण ऐकत बसलोय यासारखं सुख नाही. लोअर परळला ब्लू फ्रॉग होतं तेव्हा महिन्यातून दोनदा तरी जायचो, एक बिअर तीन तास पुरवायची आणि बँड नुकता रंगात आला की घड्याळ बघून पळायचं, कारण दादरला शेवटची कर्जत चुकली की रात्र प्लॅटफॉर्मवर. २०१६ ला ते बंद पडलं. मग लग्न, मग घोडबंदरला फ्लॅट, आणि आता वांद्र्याला एखादा कार्यक्रम बघायचा म्हणजे तो दोन तासांचा आणि जाऊन येऊन प्रवास चार तासांचा, त्यात मेट्रोचं काम, आणि येताना ठाणे म्हटलं की कॅबवाला ट्रिप कॅन्सल करतो.

म्हणून ठरवलं की आता इथेच शोधायचं. गेल्या शनिवारी घराजवळच्या एका पबबाहेर लाइव्ह बँडची पाटी बघून बायकोला घेऊन गेलो. एक पोरगा गिटारवर, एक कहोनवर (ते वर बसून वाजवायचं लाकडी खोकं), आणि एक मुलगी गात होती, आवाज खरंच गोड. पण तिच्या डोक्यावर चार स्क्रीन आणि चारीवर आयपीएल. ती अंतऱ्यावर आली रे आली की विकेट पडायची आणि अख्खा पब बोंबलायचा. एकदा तर बिचारीने गाणं मध्येच थांबवून माइकवरच स्कोअर विचारला, आणि त्या रात्री सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. गाण्याला टाळ्या वाजवणारे आम्ही दोघंच. वर बिलात म्युझिकचे पैसे वेगळे लावले होते.

तर सांगा, आपल्याकडे ऐकायला जायचं तर कुठे? शास्त्रीय, रॉक, कव्वाली काहीही चालेल. माणशी ५०० च्या आत बसलं पाहिजे आणि अकरा-साडेअकरापर्यंत घरी यायला मिळालं पाहिजे, मुलगी आजीकडे त्याच्यापुढे थांबत नाही.

पामबीच_पोरगा

काय राव, आख्खं जग आमच्या नेरुळला येतंय आणि तुम्ही विचारताय कुठे जाऊ 😄 डी. वाय. पाटील स्टेडियम! २०१७ ला बीबर, २०१९ च्या डिसेंबरात यू टू, आणि २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले तीन रात्री, १८, १९ आणि २१. तिकीट नव्हतं तरी आम्ही बिल्डिंगच्या गच्चीवरून ऐकलं, ढोबळ मानाने अर्धं ऐकू आलं, वारा फिरला की बंद.

कासारवडवली_स्लो

@पामबीच_पोरगा, कोल्डप्लेच्या तिकिटासाठी रांगेत माझा नंबर सहा आकडी होता, त्यावर नको बोलूया. आणि ते लोकल कसं म्हणायचं, ते लोक फक्त उतरले इथे.

नौपाड्याची_काकू

तुम्ही नवीन ठाणेकर सगळे घोडबंदरच्या पाट्या वाचता आणि म्हणता ठाण्यात काही होत नाही. अरे बाबा, पं. राम मराठे ठाण्याचे, ख्यालही गायचे आणि नाट्यसंगीतही, महापालिका त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते. पी. सावळाराम तर या गावचे नगराध्यक्ष होते, गीतकार नगराध्यक्ष असलेली किती गावं माहीत आहेत तुला?

गडकरी रंगायतन १९७८ चं, तलावपाळीला, स्टेशनवरून चालत. तुमच्या बाजूला मानपाड्याला घाणेकर नाट्यगृह आहे, त्यात वरचं लहान प्रेक्षागृह असतं ना तिथे बघत जा काय लागलंय ते. मोठ्या सभागृहात माणूस लांबून ऐकतो, लहान ठिकाणी गवयाचा श्वास ऐकू येतो. एक सांगते, वेळेच्या आधी अर्धा तास जायचं. तानपुरे जुळवताना बघायचे, तारेखालचा जवारीचा दोरा सरकवतात, सूर घुमावा म्हणून, तो कसा सरकवतात ते बघायचं. आणि पहिल्या दोन-तीन रांगा पाहुण्यांसाठी अडवलेल्या असतात, पाहुणे येतात, हार घालून घेतात, भाषण करतात आणि पहिल्या बंदिशीला उठून जातात. तेव्हा पटकन पुढे सरकायचं. मी गेली वीस वर्षं अशीच पुढे बसते.

आता खरी गोष्ट. एक रुपया खर्च करायचा नसेल तर गुरुपौर्णिमा धर. आषाढापासून पुढे दीड-दोन महिने प्रत्येक रविवारी नौपाडा, घंटाळी, विष्णुनगर, कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये कुठल्या ना कुठल्या क्लासची गुरुपौर्णिमा असते. सकाळपासून चिमुरडी भूप आणि दुर्गा गातात, आईवडील मोबाइल धरून उभे, आपलं झालं की घरी. साडेबारा-एकला हॉल रिकामा होतो आणि मग गुरू स्वतः बसतात. समोर तीसच माणसं, पण ती राहिलेली तीस. मी आयुष्यात ऐकलेला सगळ्यात चांगला शुद्ध सारंग असा ऐकला आहे, हातात बटाटेवड्याची प्लेट होती, ती तशीच गार झाली.

दिवाळी पहाटेला मात्र राम मारुती रोडला जाऊ नकोस, तिथे नवे कपडे बघायला जातात. गाणं ऐकायचं तर एखाद्या हॉलमधली किंवा सोसायटीतली पहाट गाठ.

डेसिबल_दादा

मी साउंडचं काम करतो, ठाणे-नवी मुंबईत, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो.

आपल्याकडे उघड्यावर नाइट सीन का नाही याचं साधं उत्तर आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, बंदिस्त सभागृह सोडून. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, ते दिवस गणपती-नवरात्रातच संपतात. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टापासून १०० मीटर सायलेन्स झोन. मुंबईतलं धोबीतलावचं रंगभवन, जिथे आमच्या आधीच्या पिढीने रॉक ऐकला, ते असंच सायलेन्स झोनमध्ये गेलं आणि संपलं. म्हणजे लोक ऑफिसातून साडेसातला ठाण्याला उतरणार, आठला कार्यक्रम, भाषणं पावणेनऊपर्यंत, आणि दहाला मला आवाजाचा फेडर खाली ओढायचा. कलाकार माझ्याकडे असा बघतो की मीच कायदा केलाय.

तरी उपवन तलावाकाठी थंडीत आर्ट फेस्टिव्हल होतो तो चुकवू नका, पाण्यावरून आवाज छान येतो, जॅकेट घेऊन जा. वाशीचं भावे नाट्यगृह, पनवेलचं फडके नाट्यगृह, तिथे ऑर्केस्ट्रे होतात, त्याला नाकं मुरडू नका. ट्रॅक लावून गाणारे वेगळे आणि पंधरा वादक बसवणारे वेगळे, जाहिरातीत 'वाद्यवृंद' लिहिलंय का आणि वादकांची नावं आहेत का ते बघा, नावं नसतील तर समजा लॅपटॉप आहे.

आणि पबचं म्हणाल तर शनिवार सोडा हो. शनिवारी मालकाला जुनी हिंदी गाणी आणि नाच हवा असतो. तीच पोरं बुधवारी-गुरुवारी स्वतःची गाणी वाजवतात कारण गिऱ्हाईक नसतं आणि कोणी काही बोलत नाही. मॅच नाही ना ते बघून जा एवढंच.

खाडीकाठचा

सगळ्यांनी सगळं सांगितलं आणि नवी मुंबईत जे दर आठवड्याला लाइव्ह वाजतं तेच विसरले. बेंजो! 🙏

भाऊ, लग्नसराईत घणसोली, दिवाळे, सारसोळे, करावे कुठल्याही गावात हळदीच्या रात्री ये. डीजे लावणारे वाढलेत हे खरं, पण बेंजो पार्टी सांगणारे अजून आहेत. बेंजो म्हणजे इंग्रजी पिक्चरमधला गोल बेंजो नव्हे, लांब पेटीवर तारा आणि त्याच्यावर टाइपरायटरसारखी बटणं, बुलबुलतरंग म्हणतात तेच. मूळ जपानचं वाद्य, तैशोगोतो, १९१२ मध्ये नागोयाला निघालं, आणि आमच्या पोरांनी त्याला पिकअप लावून ॲम्पला जोडलं. सोबत ढोलकी, कच्छी ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्ड. तिकीट नाही, पास नाही, मांडवात उभं राहायचं. आणि वर जेवण.

नौपाड्याची_काकू

बेंजोला मी संगीत म्हणणार नाही. आमच्या गल्लीत गणपतीत येतो, खिडकीच्या काचा थरथरतात.

खाडीकाठचा

काकू, तुमच्या गल्लीत येतो तो मिरवणुकीचा, तो रस्त्यासाठी वाजवतात. अंगणातला ऐका मग बोलू. @कासारवडवली_स्लो तुम्हाला मेसेज केलाय, आमच्या आत्याच्या नातवाची हळद आहे, वहिनींना घेऊन या.

कासारवडवली_स्लो

मंडळी, दोन्हीकडे जाऊन आलो, रिपोर्ट देतोय, तीन आठवडे उशीर झाला, ऑफिसचं ऑडिट होतं.

आधी गुरुवारचा पब. डेसिबल दादा, शंभर टक्के बरोबर. तीच मुलगी, तोच गिटारवाला, माणसं आम्ही धरून अकरा, स्क्रीन बंद. तिने स्वतःची तीन मराठी गाणी म्हटली, एक पावसात बंद पडलेल्या लोकलवर होतं, ते परत म्हणायला लावलं. बिल दोघांचं मिळून हजाराच्या आत.

आता हळद. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने गेलो, खाडीकाठचा स्टेशनला बाइक घेऊन हजर, मग दुसरी बाइक बायकोसाठी. संकोच वाटत होता, ओळख ना पाळख. मांडवाच्या दारातच त्याच्या आत्याने कपाळाला हळद फासली आणि म्हणाली "जेवल्याशिवाय जावाचा नाय." संपला संकोच.

बेंजोवाला साधारण पन्नाशीचा, पांढरा शर्ट, खिशाला चष्मा. मी मुद्दाम त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. डाव्या हाताने बटणं, उजव्या हातात नखी. मधल्या चार-पाच बटणांवरचे आकडे पार घासून गेलेले, एका बटणावर तर चक्क शर्टाचं बटण चिकटवलेलं. डावा हात इतका वेगात की बोटं मोजता येत नव्हती, पण चेहरा असा की माणूस बँकेत रांगेत उभा आहे. ढोलकीवाल्या पोराने मध्येच एक तोडा असा टाकला की याने फक्त भुवई उचलली, आणि पुढची दहा मिनिटं ते दोघं एकमेकांशीच बोलत होते, नाचणारे नाचत होते, कोणाला पत्ता नाही. जुगलबंदी म्हणजे हीच ना काकू? मी चूक असेन तर सांगा.

बरोबर दहाला ॲम्प बंद. कोणीतरी येऊन सांगून गेलं, वाद नाही, काही नाही, बेंजोवाल्याने कव्हर घातलं आणि जेवायला बसला. मला वाटलं संपलं, आम्ही पण चपला शोधायला लागलो, तर खाडीकाठचा म्हणाला थांब, आता धवलारीण बसेल, म्हणजे धवले, लग्नातली पारंपरिक गाणी, म्हणणारी बाई.

नवरदेवाला पाटावर बसवलेलं आणि त्याच्याजवळ एक म्हातारी, नऊवारी, हातात काही नाही, माइक नाही, वाद्य नाही. तिने धवला धरला. एक ओळ ती म्हणायची आणि मागच्या बायका ती उचलायच्या. चाल अगदी सरळ, तीन-चार सुरांची, पण ती ओळीच्या शेवटी सूर खाली सोडते तो नेमका कुठे सोडते ते मला शेवटपर्यंत पकडता आलं नाही. अर्धे शब्द कळले नाहीत. दहा मिनिटांपूर्वी ऑक्टोपॅडवर नाचणारी पोरं मांडवाच्या खांबाला टेकून गप्प उभी होती, एक जण पेंगत होता. बायकोने माझा दंड धरला होता, तिच्या हाताची हळद माझ्या बाहीला लागली ती अजून गेली नाही.

ठाण्याची गाडी अर्थातच चुकली. रिक्षाने आलो, बारा वाजून गेले म्हणून मीटरवर सव्वापट, म्हणजे ५०० चं बजेट तिथेच मोडलं. आजीने दुसऱ्या दिवशी दोन तास बोलणं बंद ठेवलं.

डेसिबल_दादा

धवला रेकॉर्ड केला का? फोनवर केला असेल तरी पाठवा.

कासारवडवली_स्लो

नाही केला. फोन काढावासा वाटला होता, पण समोर बसलेल्या एका आजीने नुसतं बघितलं माझ्याकडे, परत खिशात ठेवला.

खाडीकाठचा

तीच माझी आत्या 😂 सगळ्यांना आमंत्रण आहे, तुळशीचं लग्न झालं की परत सीझन चालू.

नौपाड्याची_काकू

धवला दहानंतर असतो ना? मग मी दहालाच येईन. बसायला खुर्ची मिळते का तेवढं विचारून ठेव, माझे गुडघे मांडी घालू देत नाहीत.